कुंपणाचा ठोका

कारूच्या पठारावर एकोणीस तबकड्या
आकाशाकडे तोंड वासून बसलेल्या.
त्यांच्या पायथ्याशी, जमिनीखाली,
लोखंडी दाराच्या खोलीत मी, झोलेका,
लोकरी हातमोजे घालून.
इथला एसी माणसांसाठी नाही.

माझी चिप जन्मतः काहीच नसते.
लाखो रिकामे खण, मध्ये गल्ल्या,
प्रत्येक तिठ्यावर एक झापड.
कुठली उघडी, कुठली मिटलेली, ते मी लिहायचं.
मग ती तेवढ्यापुरती तेच होते,
सोमवारी हायड्रोजन ऐकणारा कान,
गुरुवारी मेलेल्या ताऱ्याची नाडी धरणारी बोटं.
वीज काढली की पाटी कोरी.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
हिची रोज संध्याकाळी जाते.

मार्चमध्ये ठोका आला.
पहाटे, दर सव्वा सेकंदाला,
सगळ्या आकाशावरून एक पांढरी रेघ.
केप टाउनहून प्रोफेसर ओलिफंट म्हणाले, गाळून टाका.
गाळलं असतं,
पण प्रत्येक रेघेबरोबर थोडं आकाशही गळतं.
केर्नील्सने कॉफीचा कप खाली न ठेवताच सांगितलं,
"कुंपण आहे. कोल्ह्यांसाठी लावतात. कुणाचं तरी ठिणगी टाकतंय."
कुणाचं?
या माळावर तारच तार, आणि गप्प राहायचा कायदा,
मोबाइलसुद्धा नाही कुणाकडे.

त्या रात्री मी ताऱ्यांची पाटी पुसली.
नवं सर्किट लिहिलं, अडाणी, एकाच कामाचं:
ठिणगी कुठल्या तबकडीला आधी ऐकू आली,
कुठल्या तबकडीला मागून.
साडेपाच तास संगणक तारा ओढत बसला
आणि म्हणाला, नाही.
एका वाटेवर शून्य पॉइंट तीन नॅनोसेकंद उशीर होतोय.
तेवढ्यात प्रकाश चार बोटं सरकतो.
चार बोटांसाठी अख्खी रात्र.
घोडं कुठे पेंड खातंय ते शोधलं तर
मोजणारा या कोपऱ्यात, त्याची वही त्या कोपऱ्यात,
मध्ये सगळं गाव.
मोजणाऱ्याला उचललं, वहीशेजारी बिऱ्हाड दिलं.
पुन्हा साडेपाच तास.

मग कागदाच्या नकाशावर तीन रेघा एकमेकींना छेदून गेल्या
एका कोरड्या नाल्यापाशी.

टानी सीली कोकरांच्या गोठ्याबाहेर उभी होती,
जणू आम्ही उशिराच आलो.
तारेखालची चिनी मातीची खुंटी फुटली होती,
तिथे तिने मेंढीच्या नळीचं हाड बांधलं होतं.
दिवसभर छान चालायचं.
पहाटे दव पडलं की हाड ओलं व्हायचं,
आणि ठिणगी जमिनीवर उडी मारायची.
केर्नील्सने खिशातून नवी खुंटी काढली.

"तुमच्या यंत्राला माझं कुंपण ऐकू आलं?"
"हो."
"मग कोल्हा आला की कळवेल?"
"कोल्हा रेडिओवर बोलत नाही, टानी."
"हं," ती म्हणाली,
आणि आम्हाला रस्क दिले, दगडासारखे, बडीशेप घातलेले.

परतीच्या वाटेवर तेवीस किलोमीटर
मी मनातल्या मनात कोल्ह्याचं सर्किट मांडत होते.
पावलांचा कंप, चार मायक्रोफोन, एक छोटीशी चिप.
केर्नील्स म्हणाला, "आधी झोप."

त्या संध्याकाळी वीज काढली. चिप सगळं विसरली.
फाइल तेवढी आहे,
नाव "सीली शेवटची", तिच्याखाली
"सीली खरंच शेवटची", तिच्याखाली आणखी एक.
रात्री हायड्रोजन पुन्हा सुरू,
रेघ नाही, ठोका नाही,
प्रोफेसरांचं एका शब्दाचं पत्र, छान.

ते हाड मी मागून आणलं.
मेंढीच्या अंगात होतं तेव्हा पाय होतं,
तारेखाली होतं तेव्हा खुंटी.
आता माझ्या टेबलावर आहे,
पंख्याने नकाशा उडू नये म्हणून.