कुंडीतला चमचा

मंगळवारी सकाळी मी उकळत्या दुधात चमचा घातला
आणि मादाम फ्रुमेतनं हात वर केला,
रस्त्यात मुलांना थांबवतात तसा.
चमच्याच्या दांड्याला लाल दोरा होता.
लाल मांसाचा, निळा दुधाचा.
आठ महिने झाले होते मला त्या घरात.

बाहेर मॉन्ट्रियलचा बर्फ, जिन्याच्या कठड्याला टेकलेला.
आत दोन बेसिनं, दोन फडकी,
पातेल्यांची दोन बिऱ्हाडं, एकमेकांकडे पाठ करून.
कोबीचं पान न् पान ती दिव्यासमोर धरते,
अंडं आधी काचेच्या वाटीत फोडते,
रक्ताचा ठिपका दिसला की टाकून देते, हळहळत.
आणि गॅसची काडी स्वतःच ओढते,
हात थरथरतो, तीन काड्या वाया जातात,
मग म्हणते, "आता ढवळ तू, गेर्लांद."
का, ते मी विचारलं नव्हतं.
काय विचारायचं नाही
हे परक्या देशात न शिकवता येतं.

तिनं रब्बींना फोन लावला.
दूध गरम होतं? होतं.
चमचा मांसाला शेवटचा कधी लागला?
ती माझ्याकडे बघू लागली.
तिची सकाळ हल्ली दुपारपर्यंत टिकत नाही.
"शनिवारी," मी म्हणाले.
"घेवडा, बार्ली, नळीचं हाड,
शुक्रवारपासून रात्रभर मंद आचेवर.
तिसऱ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला
वासानं दारात घुटमळला होता."
रब्बी हसले, फोनमधून ऐकू आलं.
दिवस उलटलाय, दूध चालेल.
चमचा तेवढा उकळत्या पाण्यात बुडवून काढा.

काढला.
तरी तिनं तो नेऊन खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत
दांड्यापर्यंत खोचला.
हे रब्बी म्हणाले नव्हते.
"आई खोचायची," ती म्हणाली.

मग मी विचारलंच.
मादाम, विटाळ माझ्या हाताचा झाला का?

तिनं माझा तळहात उलटा केला, सुलटा केला,
बाजारात मासा बघतात तसा.
"हात चांगला. दूध चांगलं. चमचाही चांगला.
फक्त त्यांची गाठ पडायला नको होती.
करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नकोस,
एवढंच सांगितलंय.
बाकी आम्ही कुंपण घातलं, मग कुंपणाला कुंपण."

आणि काडी?

ती गप्प बसली.
दूध साय धरेपर्यंत गप्प.
"ती जुनी भीती आहे," म्हणाली. "आमची.
तुझ्यामुळे नाही, पण तुझ्यावर पडते खरी."

मी जेरेमीहून निघाले तेव्हा मुलगा सात महिन्यांचा.
विमानात माझा ब्लाउज दोनदा ओला झाला.
आईचं दूध, करडू,
मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एकला कोंबडी जेवली की ती विचारायची,
"वेळ झाली का?" अजून पाच तास.
"झाली का?" अजून साडेचार.
बाकी सगळं विसरली, वाट बघणं विसरली नाही.
सातला चहात दूध पडलं की
डोळे मिटून पहिला घोट घ्यायची.
सहा तास थांबलेला चहा
मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिला नाही.

मार्चमध्ये ती गेली.
टोरांटोहून मुलगी आली,
भांडी दोन वेगवेगळ्या खोक्यांत भरली,
कुंडी घेऊन जा म्हणाली.

रविवारी मी शंखातला लांबी शिजवते,
त्याला पर नाहीत, खवले नाहीत,
मिरची घालून, बोटं चाटून खाते.
पण बकऱ्याचं मटण झालं की
चहाचं पातेलं हातात घेऊन घड्याळाकडे बघते,
आणि स्वतःवरच चिडते, आणि थांबते.

जिरेनियमची माती बदलताना चमचा सापडला.
काढायचा विसरूनच गेली होती ती.
दोरा कुजलेला, कुठल्या रंगाचा ते कळेना.
मी धुतला. पुसला.
दुधात घातला नाही, रश्शातही नाही.
खिडकीत ठेवलाय.