शनिवार, अडीच वाजता

कार्यक्रमपत्रिका टेबलावर पसरली आहे.
तिच्या चार कोपऱ्यांवर चहाचा मग, चष्म्याचं घर,
एक लिंबू आणि मोज्यांची जोडी.
ड्युनेडिनचा वारा बंद खिडकीतूनही आत येतो,
त्याला तिकीट लागत नाही.

पेन्सिलीला टोक काढलंय.
शुक्रवार सोपा: उद्घाटन, फुकट वाईन,
प्रायोजकांचे आभार, आभारांचे आभार. काट.
शनिवारी दहाला हिमनद्यांवर बोलणारी बाई.
सभागृह टेकडीवर, आणि माझे गुडघे
सत्तावीस वर्षं याच चढांवर बसचा ब्रेक दाबून झिजलेले.
ते म्हणाले, हिमनदीला आमचा नमस्कार सांग.
साडेअकराला, आपल्या आईबद्दल कसं लिहावं.
माझ्या आईनं जन्मभरात एकच गोष्ट मागितली:
माझं नाव कुठे काढू नकोस. काट.

मग अडीच.
दरवर्षी अडीचलाच अडतं.
दोन दालनं, वेळ एकच:
इकडे दीपगृहांच्या रखवालदारांच्या वह्या वाचणारा कुणी,
तिकडे एक कवयित्री, जिची भाषा
आता साठेक माणसंच बोलतात.

बारा वर्षं मी आणि लोसा हे वाटून घ्यायचो.
ती इस्पितळाच्या धुलाईघरात, मी बसवर,
पैसे दोघींकडे बेताचेच.
तू इकडे, मी तिकडे, आणि चारला
स्टेशनसमोरच्या बेकरीत,
तिनं आधीच मागवून ठेवलेल्या चीज रोलचे दोन तुकडे,
आपापली दुपार दुसरीच्या बशीत.
मी वहीतून वाचून दाखवायचे, सनावळीसकट.
लोसा डोळे मिटून सांगायची:
लेखक आधी कसा रुमाल शोधत राहिला,
मग काय म्हणाला.

एका वर्षीचा म्हणाला होता,
खिशात किल्ली आहे तोवर माणूस घर सोडून गेलेला नसतो,
त्याला फक्त उशीर झालेला असतो.
माझ्या फर्गसचा तेव्हा सात महिने पत्ता नव्हता.
ते वाक्य मी बसच्या आरशामागे चिकटवलं,
उलट्या अक्षरांत, माझं मला कळेल असं.
नंतर त्या लेखकाची सगळी पुस्तकं वाचली,
कंटाळवाणीसुद्धा.
कुठेच सापडलं नाही.

काल रात्री फोन केला. लोसा आता ऑकलंडला, मुलीकडे,
पाय सुजलेले, आवाज तोच.
म्हटलं, ते किल्लीचं वाक्य कुठल्या पुस्तकातलं गं?
बराच वेळ काही नाही.
मागे कुणाच्या हातून भांडं पडलं.
मग म्हणाली,
मी आत गेलेच नव्हते.
रात्रपाळी करून यायचे ना. बेकरीतच बसायचे, अडीचपासून,
टेबलावर डोकं टेकून एखादी डुलकी.
आणि तिकीट?
तिकीट कधी काढलंच नाही.
त्या पैशांचाच तर चीज रोल.

बारा वर्षं!
बारा लेखक, बारा न सापडलेले रुमाल.
राग यायला हवा होता. निघालाही,
पण पहिल्याच चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये,
धापा टाकत बंद पडला.
फर्गस आला होता त्या नोव्हेंबरात.
किल्ली हरवून.
दार मीच उघडलं होतं.

आता पेन्सिल पुन्हा अडीचवर.
साठ माणसांच्या भाषेकडे मी जाणार,
कळलं नाही तरी एकसष्टावी म्हणून बसेन.
दीपगृहांभोवती गोल केलाय
आणि आत लिहिलंय, लोसा.
फोटो काढून तिला पाठवला.

तिचं उत्तर आलं:
रखवालदार उंच घेऊ की बुटका?

मी लिहिलं,
ते चारला सांग.