शिट्टी

यादीत एकवीस नावं होती.
शनिवारी रात्री चौदा राहिली.
रविवारी पहाटे साडेपाचला
राजेंद्रनगरच्या टाकीखाली आम्ही नऊ जणी,
आणि सतरा सीटांची गाडी,
जिच्या रिकाम्या जागांवर आम्ही स्वेटर बसवले.

ज्या आल्या नाहीत त्यांची कारणंही लिहून घेतली मी.
पाहुणे. पाहुणे. सासऱ्यांचं बीपी.
विभावरीचं सगळ्यात लांबलचक:
"हे म्हणाले, डोंगर कुठं पळून चाललाय?"
खरंच आहे, डोंगर पळत नाही.
पण गुडघे जातात ना, विभावरी.

बायपास ओलांडला, रालामंडळच्या फाटकाशी उतरलो.
उज्ज्वला महाडिकचे बूट नवे, लेबलासकट,
चावले तर परत करता येतील म्हणून.
धारकर काकू साडीत, पायात मुलाचे बूट,
पुढे कापूस कोंबलेला.
शबाना फॉल-पिको करते आमच्या गल्लीत.
म्हणाली, वीस वर्षं मशीन मारली या पायांनी,
एक इंचसुद्धा पुढे गेले नाहीत.

मी शाळेत पस्तीस वर्षं पीटी घेतली.
गळ्यात तीच पितळी शिट्टी.
फाटकावरचा गार्ड तिच्याकडे बघून म्हणाला,
"मॅडम, ये नहीं चलेगी. जानवर बिदकते हैं."
मी ती खिशात टाकली
आणि चढायच्या आधीच मला दम लागला.
शिट्टीशिवाय कधी कुणाला
रांगेत उभं केलं होतं मी?

सागाची पानं वाटभर वाळून पडलेली.
नऊ जणी चालतायत की
कुणी पिंपभर पापड मोडतंय, कळेना.
तिसऱ्या वळणावर उज्ज्वला थांबली, म्हणाली,
"अगंबाई, काय सुंदर दिसतंय इथून!"
तिथून दिसत होता फक्त
एक मोडका सिमेंटचा बाक.
आम्ही सगळ्यांनी तो बाक
चांगला पाच मिनिटं पाहिला.

वर, शिकारगाहीसमोर,
हातभर अंतरावर उभ्या केल्या सगळ्या.
बोटांनी मोजायला लागले: एक. दोन.
खुर्ची नाहीये असं समजून बसा.
(खुर्ची नव्हतीच.) उठा. तीन.
कुणी बोलत नव्हतं,
म्हणून ऐकू आलं ते:
गुडघ्यांचं कटकट, बांगड्या,
आणि नऊ श्वास, एकही दुसऱ्यासारखा नाही.
पस्तीस वर्षांत हे मला ऐकू आलं नव्हतं.
शिट्टी मध्ये होती.

झुडपापाशी एक नीलगाय
कान आमच्याकडे करून उभी.
सातव्या बैठकीला धारकर काकूंचा फोन थरथरला.
अर्ध्या बसलेल्याच त्या कुजबुजल्या,
"गॅसवाला? पुस्तक ना... फ्रिजवर."
आठ माना आपोआप हलल्या.
आमचंही. आमचंही फ्रिजवरच.
मग जे हसू आलं ते तोंडात दाबता दाबता
शबाना मातीत बसली ती उठेचना,
आणि नीलगाय मात्र गेली नाही.

पोहे खाल्ले, वर जीरावन, शेव
घरून आणलेली, कारण विकतची
प्रत्येकीला दुसरीच्या दुकानाची पसंत नव्हती.
समोर देवगुराडिया उन्हात आलं होतं.
"तिथं कधी?" असं कुणीतरी विचारलं.
मी वही काढली नाही.

परतताना, बायपासला लागल्यावर,
काकूंनी हात पुढे केला: "दाखव बघू."
आणि शिट्टी वाजवली. साडेसदुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा.
ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.
"क्या हुआ?"
"काही नाही रे, चल."
मग उज्ज्वलानं. मग शबानानं, दोनदा.
मागच्या सीटपर्यंत गेली ती, पुन्हा पुढे आली.

आता ओट्यावर ठेवलीय.
तोंडाशी हळदीचा पिवळा डाग, पोह्यांचा.
धुवायला म्हणून नळ सोडला होता.
बंद केला.