कमावलेलं

बाभळीची साल पावशेर, हिरडा मूठभर.
रविवार कारंजावरचा काष्ठौषधीवाला पुडी बांधता बांधता विचारतो,
"दात दुखतात का कुणाचे?"
मी मान हलवते.
आमच्या घरी दर महिन्याला कुणाचे तरी दात दुखतात.

सिडकोत, जिन्याखालच्या दहा बाय आठमध्ये
दोन खुर्च्या, एक आरसा, पडद्यामागे शेगडी.
पातेलं स्टीलचं.
लोखंड लागलं की सालीचं पाणी शाई होतं,
हे मला पार्लरच्या कोर्सने शिकवलेलं नाही.
निम्मं आटू द्यायचं, मलमलीतून दोनदा गाळायचं,
गुलाबपाणी वासापुरतं.
बाटली फ्रिजमध्ये चार दिवस, पाचव्या दिवशी मोरीत.
आणि दर घाण्याचा एक थेंब जिभेवर:
तोंडातलं सगळं ओलं, मऊ, सैल,
दाराशी पाहुणे दिसल्यावर पदर सावरावा
तसं सावरून बसतं.

तुरट.
कडूला थुंकता येतं, आंबटाला डोळे मिटता येतात.
तुरट नुसतं आत धरून ठेवतं.

शर्वाणी येते कॉलेज रोडवरून, स्कार्फ सोडत.
कपाळ असं की पणती लावावी, हे तिचंच म्हणणं.
टिपकागद टेकवला तर पलीकडची अक्षरं दिसतात.
"दिवसातून पाचदा लावलं काकू, तरी तेल दुप्पट!"
गालावर पापुद्रे, नाकाच्या कडेला लालभडक.
मी तिच्या हातातला कापूस काढून घेते.
रात्री एकदाच. तेही एक दिवसाआड. वर कोरफड.
फार धाक घातला की बिचारी आणखीच पाझरते.
आणि मग ते वाक्य, माझं नसलेलं,
तोंडातून निसटतंच:
"साल जास्त झाली की कातडं तडकतं."

"कातडं?" ती आरशातून हसते.
"कुठे शिकलात हो हे?"
"वडिलांकडे."
"वैद्य होते?"

गल्लीत गॅसवाल्याची घंटी. कुणीतरी वरून टोपली सोडतंय.
अण्णांची नखं तांबूस होती, शेवटपर्यंत.
सिन्नरच्या अलीकडे ओढ्याकाठी तीन हौद,
तरवडाची साल, बाभळीची साल,
पोटरीएवढ्या तांबड्या पाण्यात ते उभे,
बोट बुडवून जिभेला लावत:
"अजून चार दिवस."
चौथीत माझ्या बाकावर तिसरी मुलगी कधी बसली नाही.
वासाला नाव नव्हतं, कामाला होतं.
कमावणं.
पैशालाही तोच शब्द आहे म्हणे,
पण त्या अर्थाने तो आमच्या घरात
फार उशिरा आला.

हो म्हटलं तर चालतं.
आधी दोघींना म्हटलंय.
वैद्याची मुलगी म्हणून एकीने
दिवाळीला अनारसेही आणून दिले होते,
आणि मी ते खाल्ले.

"नाही," मी म्हणते. "कातडं कमवायचे.
ह्याच सालीत."

शर्वाणी बाटलीकडे बघते.
मग गालाला बोट लावते, अजून ओला आहे तिथे,
आणि बोट तिथेच राहतं.
पडद्यामागे पाणी निम्म्याच्या खाली गेल्याचा वास.
मी उठते, आच मंद करते,
मंद असलेली पुन्हा मंद करते.

"काकू," मागून आवाज येतो,
"एक दिवसाआड ना?"