चौदा मिलिमीटर

रायफल बदलायचं ठरवलं तेव्हा मी साठीची होते,
आणि गेली अकरा वर्षं माझी शेवटची गोळी जायची
उजवीकडे, किंचित खाली,
जिथे नेमकी माशी शिंकते.

ओस्सीच्या दुकानात भिंतीला दोन उभ्या होत्या.
एक ॲल्युमिनिअमची, निळी, सांध्यासांध्यात स्क्रू,
दातांच्या डॉक्टरकडच्या खुर्चीसारखी हवी तशी वळणारी.
दुसरी अक्रोडाची,
तिच्या दस्त्यावर कुणाच्या तरी गालाने पाडलेली तकाकी.
मी निळीची किंमत विचारली. नसती विचारली तर बरं.
"चार हजार दोनशे युरो. पण तैम्मी, हिची नळी..."
नळी म्हणताना त्याने आवाज खाली आणला,
जसा लोक चर्चमध्ये आणतात,
किंवा सेइनायोकीत, दारूच्या दुकानात.

मग त्याने मला माहीत असलेलंच समजावलं.
या काडतुसात ठिणगीचा मसाला मधोमध नसतो,
बुडाच्या कडेच्या घडीत असतो, गरगर फिरवून बसवलेला.
पिन काठावर आदळते.
मसाला कुठे दाट, कुठे विरळ पडला
की गोळी जराशी रेंगाळते,
आणि पन्नास मीटरवर तेवढ्यानं दहाचे नऊ होतात.
शिवाय प्रत्येक नळीची खोड वेगळी.
एकाच कारखान्याचं, एकाच नावाचं काडतूस,
मंगळवारी भरलेलं गोड लागतं
आणि गुरुवारचं ती थुंकून टाकते.
(माझी सासू बटाट्यांच्या बाबतीत अशीच होती.)

म्हणून फेब्रुवारीत, उणे एकोणीसमध्ये,
निळी आठवड्याच्या बोलीवर घेऊन
मी चाचणीच्या बोगद्यात गेले.
जुनीही नेली. तुलनेसाठी, असं म्हटलं.
खरं तर आरोपी म्हणून.

योउको नावाचा पोरगा, कानांवर लाल वाट्या,
त्याने निळीला शिकंज्यात आवळलं.
दहा गोळ्या. मग दुसरा डबा, दहा. तिसरा.
पडद्यावर आकडे: एकोणीस, सोळा, पंधरा.
चांगलेच होते. मी मनात पैसे मोजायला लागले.

मग जुनी.
बावीस. अठरा. चौथ्या डब्याला चौदा.
दहाच्या दहा गोळ्या एका फाटक्या भोकात,
वर दहा सेंटचं नाणं ठेवलं तर झाकलं जाईल असं.
योउको म्हणाला, थांबा, काहीतरी चुकलंय,
आणि पुन्हा झाडल्या.
चौदा.

अकरा वर्षं मी अंगण वाकडं म्हणत आले.
आता कुणीतरी ते मोजून
आकड्यासकट हातात दिलं.

शिकंज्याला नाडी नसते.
त्याला डावा गुडघा नसतो,
शेवटच्या पाचांत घरच्या बॉयलरची आठवण येत नाही.
मला डॉक्टरांनी नाडी मंदावणारी गोळी दिली आहे,
ती घेतली तर स्पर्धेतून नाव कापतात.
म्हणजे एक गोळी सोडायची तर दुसरी गिळायची नाही.
मी कुठली सोडली ते डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

निळी परत केली. ओस्सीला नवल वाटलं नाही.
"निम्मे लोक परत आणतात," तो म्हणाला,
"उरलेल्यांचं मोजमाप तेच येतं, पण ते विकत घेतात."
मी त्या चौथ्या डब्याच्या क्रमांकाचा
त्याच्याकडे होता नव्हता तेवढा माल उचलला.
गाडीचं बूड बर्फाला टेकलं.

गुरुवारी क्लबात चटईवर पालथी.
पट्टा दंडावर, गाल रोजच्या जागी.
माशीच्या कड्यात काळा ठिपका,
आणि कडं हलतंय,
एक ठोका, एक ठोका,
इतकं बारीक की आजवर मी त्याला
नळी म्हणत होते.
दोन ठोक्यांमध्ये एक सपाट जागा असते.
ती यायची वाट पाहिली. आली. गेली.
पुन्हा आली.

दहा. दहा. दहा.
उजवीकडे, किंचित खाली, नऊ.

शेजारच्या पट्टीवरून राइली डोकं उचलून विचारते,
नवी घेतलीस ना?
मी मान हलवते.
हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नसावं.
मी पुढचं काडतूस चिमटीत धरलेलं असतं,
त्याच्या काठावर बोट फिरवत.