डबाभर

खलफान बिन रशीद हलव्याच्या डब्यात माती घेऊन आला.
झाकणावर केशराचा डाग, आत वेलचीचा वास अजून,
आणि सोहारच्या किनाऱ्यालगतच्या बागेतली
दीड किलो.
"हिला काय झालंय बघ," म्हणाला
मोडक्या हिंदीत. मी मोडक्या अरबीत म्हटलं, बस.

नोंदवहीत नंबर घातला. तीनशे बारा.
चाळली, तर वर राहिले
शिंपल्याचे तुकडे, खजुराची एक बी,
ठिबकच्या नळीचा काळा काप
आणि एक केस. आधी वाटलं माझाच,
मग कळलं, मुळाचा.

दोन थेंब आम्ल टाकलं. फसफसली.
चुना आहे, म्हटलं, इथे कधीकाळी समुद्र होता.
"होता नाही," तो म्हणाला,
"परत आलाय."

मग उंच नळकांडं, पाणी, हलवणं.
वाळू चाळीस सेकंदांत तळ गाठते,
तिला कसली घाई असते कोण जाणे.
पोयटा दोन तास घेतो.
चिकणमाती बसतच नाही, रात्रभर तरंगते.
(आमच्या पाचोऱ्याच्या काळ्या रानात तीच जास्त,
चप्पल ठेवून घ्यायची, पाय तेवढा परत द्यायची.)
इथे ती नखाएवढी.

सुलेमानी चहा पिता पिता त्याने विचारलं,
माती म्हणजे नक्की काय?
निम्मी माती तर माती नसतेच, खलफान.
पोकळी असते,
तिच्यात जरा हवा, जरा ओल, ये-जा करणारी.
उरलेला बहुतेक दळलेला डोंगर,
तो तुमचा मागे उभा आहे तोच, हजर.
(अरबीत हजर म्हणजे दगड.
आमच्याकडे हजर म्हणजे, आहे.)
आणि एक चिमूट, मेलेलं आणि जिवंत
इतकं कालवलेलं की वेगळं तोलता येत नाही.
तुझ्या डब्यात त्या चिमटीतली चिमूट.
सगळी बाग तिच्यावर उभी.

तो आजोबांच्या विहिरीबद्दल बोलत राहिला.
मोटेसारखंच काहीतरी, लाकडी चाक कुरकुरायचं,
बैल दमला की विहीरही विसावा घ्यायची.
पंप दमत नाही.
गोडं पाणी वर आलं, त्याच्या रिकाम्या जागेत
समुद्र खालून आला, पायरव न करता.
आधी लिंबं गेली. मग लसूणघास.
आता खजूर, शेंड्याकडून.

यंत्र म्हणालं, एकोणीस.
खलफानने चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले,
आकडा सांगितला नाही.

माती झाली, असं आम्ही म्हणतो
संसाराची, शिक्षणाची, पैशाची.
त्याला हे सांगितलं नाही.
बोटभर थर व्हायला कित्येक पिढ्या जातात,
नासायला एक पंप आणि वीस उन्हाळे.
कशाचीही माती होणं एवढं सोपं असतं तर!

अहवालाच्या छापील कागदावर एक ओळ तयारच असते,
'गोड्या पाण्याने जमीन धुऊन काढावी.'
ती मी खोडली. गोडं पाणी आणायचं कुठून?
हाताने लिहिलं:
पंप निम्मा वेळ बंद. शेजाऱ्यांचेही.
झावळ्या जाळू नका, बुंध्याशी अंथरा, कुजू द्या.
शेणखत, मिळेल तेवढं.
उघडी ठेवू नका तिला.
सही. शिक्का.

नियमाने उरलेले नमुने सहा महिन्यांनी
कचऱ्यात जातात. आजवर कुणी मागितले नव्हते.
हा दारात थांबला, डबा पुढे धरून.
"उरलेली दे."
खारट आहे रे ती.
"माझी आहे."

भरून दिली. हातात तोलून म्हणाला, कमी भरते.
मग त्याची नजर नळकांड्यावर गेली,
तिथे पाणी अजून गढूळ.
"आणि ती?"
ती बसायला सकाळ होईल.

डब्याचं झाकण त्याने दोनदा दाबून पाहिलं.
"उद्या येतो."