पान दोनशे अकरा

सेलूच्या वाचनालयात
प्रयाग कंडक्टर गुरुवारी येते.
दिवसभर गाडीत बाप्यांवर खेकसणारी,
इथं आवाज उतरवून म्हणते,
"त्योच द्या. माजोरडा."

माजोरडा म्हणजे चहाच्या मळ्यांचा मालक,
उत्तराआधी भुवई उडवणारा,
नायिकेचं मनगट धरून "थांब" म्हणणारा.
मी एकदा विचारलं, असला घरात चालंल का गं?
"माज हाय की घरात," ती म्हणाली,
"मळेच नाहीत."

पुस्तक परत आलं की मी चाळते.
मनगटाचं पान कोरं करकरीत.
दोनशे अकरावर मात्र
हळदीची बोटं, तेल, जिंतूरचं अर्धं तिकीट,
प्रयागच्या आधीच्या कितीजणींचे अंगठे.
तिथं तो एवढंच म्हणतो,
"चुकलं माझं."

शिवण सुटलीय त्या पानाची.
डिंक लावायला घेते,
आणि वाळेपर्यंत
उभ्याउभ्याच
वाचत राहते.